वॉर्निंग असलेला कोड आम्ही का घेत नाही
(दूध संकलन प्रणालीच्या ग्राहकांसाठी माहिती)

सप्रेम नमस्कार,

"प्रोग्रॅम चालतोय ना, मग वॉर्निंगचं एवढं काय?" असं आपल्याकडचे प्रोग्रॅमर आम्हाला वरचेवर विचारतात. ही प्रणाली आपली माणसं आणि आम्ही मिळून लिहितो, त्यामुळे याचं उत्तर बिल भरणाऱ्या आपल्यालाही ठाऊक असावं.

कंपायलर म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन. एरर आली की तो प्रोग्रॅम बनवतच नाही. वॉर्निंग, म्हणजे संशयास्पद जागेचा इशारा, मात्र तो नुसता दाखवतो आणि प्रोग्रॅम बनवून देतो. संकलन केंद्रावरच्या यंत्राचा सी भाषेतला कोड तपासताना आमच्याकडे काय झालं पाहा. दशांशातली फॅट पूर्णांकाच्या खात्यात टाकली गेली होती. यंत्राने ४.७ मोजली, पावतीवर ४ उमटली. सी भाषा अशा वेळी ४.७ चे ५ करत नाही, दशांश सरळ कापून टाकते. दर फॅटवर ठरतो, म्हणजे सकाळ-संध्याकाळ उत्पादकाच्या पैशाला कात्री, आणि प्रोग्रॅम कुठंही अडखळलेला नाही!

आम्ही वापरतो त्या जीसीसी या कंपायलरचा 'डब्ल्यू-ऑल' (-Wall) पर्याय नावाप्रमाणे सगळ्या वॉर्निंग देत नाही. वरची चूक पकडायला 'डब्ल्यू-कन्व्हर्जन' (-Wconversion) वेगळा लावावा लागतो. आम्ही दोन्ही लावतो, शिवाय 'डब्ल्यू-एरर' (-Werror), म्हणजे नव्या किंवा साफ केलेल्या फाइलमध्ये एकही वॉर्निंग आली तरी बिल्ड, म्हणजे कोडमधून प्रोग्रॅम तयार होणं, थांबतं. चार जणांच्या कोडमध्ये दोनशे जुन्या वॉर्निंग साचल्या असतील, तर आज आलेली नवी कोणाच्या नजरेस पडणार?

एक गोष्ट आम्हाला फार खुपते. घाईत कोणी 'दशांशाचा पूर्णांक कर' असं रूपांतर कोडमध्ये मुद्दाम लिहून टाकतो आणि वॉर्निंग गप्प होते. ४.७ चे ४ होतातच, फक्त सांगणारं कोणी उरत नाही. म्हणून वॉर्निंग खरोखरच गैरलागू असेल, तरच ती त्या ओळीपुरती बंद करायची आणि शेजारी कारण लिहायचं, असा नियम आहे.

हा कडकपणा आमच्या बिल्ड सर्व्हरवर, म्हणजे बिल्ड करणाऱ्या आमच्या संगणकावर असतो, तिथल्या कंपायलरची आवृत्तीही ठरलेली असते. आपल्याला सोपवलेल्या कोडमध्ये आम्ही 'डब्ल्यू-एरर' ठेवत नाही. कंपायलरची नवी आवृत्ती नव्या वॉर्निंग आणते, आणि काल नीट होणारा बिल्ड आपल्याकडे विनाकारण अडतो. सप्टेंबर २०२१ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, सगळ्या बिल्डना हा पर्याय लावला. ठिकठिकाणी बिल्ड मोडले, तेव्हा काही दिवसांतच त्यांनी तो चाचणीच्या बिल्डपुरता ठेवला. आम्हाला तीच वाट पटते.

जुना कोड आम्ही एकदम हाती घेत नाही. ज्या फाइलला हात लागेल ती साफ करतो, पैशाचा हिशोब असलेल्या फाइल आधी. या कामाचे तास अंदाजपत्रकात वेगळे दाखवतो. नवी आवृत्ती ताब्यात घेताना शेवटच्या बिल्डची नोंद आमच्याकडून मागून घ्या आणि नव्या आणि साफ केलेल्या फाइलमधल्या वॉर्निंगची संख्या शून्य आहे ना, ते पाहूनच सही करा.