टोपीची जोडनळी बंदूक : ओळख आणि जतन

एक नळी रायफलची, म्हणजे आतून पीळदार खाचांची, आणि दुसरी छर्ऱ्यांसाठी गुळगुळीत, अशा दोन नळ्या एकाच दस्त्यावर बसवलेली ठासणीची शिकारी बंदूक. निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या छोट्या पोकळ बोंडीवर, तांब्याची टोपी बसवायची आणि तिच्यावर घोडा आपटून बार काढायचा, ही तिची रीत. आघाताने पेटणाऱ्या द्रव्याने बार काढण्याचे पेटंट स्कॉटलंडचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये घेतले. टोपी रुळली ती १८२० नंतर. जर्मन भाषक प्रदेशात आणि अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात अशा बंदुका बऱ्याच घडल्या.

जुन्या घरात अशी बंदूक सापडली तर आधी ती ठासलेली नाही ना, ते पाहावे. नळीचे तोंड मोकळ्या दिशेला ठेवून निपलवर टोपी नाही याची खात्री करावी. मग लाकडी काठी एकेका नळीत तळापर्यंत हलकेच सोडून तोंडाशी पेन्सिलीने खूण करावी आणि तीच काठी नळीला बाहेरून लावावी. टोक निपलजवळ पोचायला हवे. दोन-तीन इंच अलीकडेच थांबले तर आत दारू-गोळी आहे असे धरावे. काळी दारू कोरडी राहिल्यास शंभर वर्षांनीही पेटते. अशी बंदूक घरी रिकामी करण्याच्या फंदात पडू नये, जाणकाराला बोलवावे.

विक्रेते तिला सरसकट ‘दुनळी’ म्हणतात. फरक तोंडाशी कळतो: बॅटरीचा उजेड तिरका टाकला की एका नळीत खाचा फिरताना दिसतात आणि त्या नळीची भिंत सहसा जाड असते. नळ्या शेजारी असतात किंवा एकावर एक. नेम धरायला मागे पाते असते, छर्ऱ्यांच्या निव्वळ दुनळीला ते बहुधा नसते. भिंत जाड पण आतून गुळगुळीत असेल, तर झिजलेल्या खाचा नंतर कोणी घासून सपाट केल्या असण्याची शक्यता असते. नळीवर लंबवर्तुळात ‘ईएलजी’ (ELG) ही अक्षरे असतील तर तो नळीच्या मजबुतीच्या तपासणीचा छाप, आणि ती तपासणी लिएजची, म्हणजे बेल्जियमची. या छापावरचा मुकुट १८९३ पासूनचा, म्हणून टोपीच्या बंदुकीवर तो दिसला तर शंका घ्यावी.

नुकसान गंजापेक्षा हौशी सफाईने अधिक होते. पॉलिश पेपर वा बफ लावला की छाप आणि नळीवरची मूळ तपकिरी झाक जाते, ती परत येत नाही. गर्द तपकिरी, घट्ट थर तसाच राहू द्यावा. बोटाला लागणारी लाल भुकटी तेवढी हलक्या खनिज तेलात भिजवलेल्या कापडाने काढावी. खोबरेल तेल लावू नये, ते चिकट होते आणि पितळेवर हिरवट डाग पाडते. नळीत दारूची राख उरली असेल तर ती ओल शोषते आणि टोपीतले क्षार तेलात विरघळत नाहीत. यासाठी नळी दस्त्यापासून सोडवून गरम पाण्याने धुवावी, लगेच पूर्ण कोरडी करावी, मग तेल लावावे. दस्ता मात्र पाण्यापासून दूर ठेवावा. जाम झालेल्या निपलवर जोर करू नये. भेदक, म्हणजे आट्यांत झिरपणारे, तेल घालून काही दिवस थांबावे, नाहीतर आटे उखडतात. रिकामा घोडा आपटल्याने निपलचे तोंड पसरते.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये कायद्यातून मिळणारी सूट नुसत्या वयाला नाही. दुरुस्ती करूनही जे उडू शकत नाही अशाच पुराणमूल्याच्या शस्त्राला ती आहे. चालू स्थितीतल्या बंदुकीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. मग ती परदेशी, समजा लिस्बनच्या, नातेवाइकांकडे पाठवणे खासगी व्यक्तीला शक्य नाही.

गोव्याच्या पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंतीला टेकवलेली किंवा चामडी पिशवीत ठेवलेली बंदूक हमखास गंजते. कपाटात ओल शोषणारे सिलिका जेल ठेवावे, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखावी, धातूवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला दस्त्याखालची, नजरेआड राहणारी नळीची बाजू तपासावी.