बीपीच्या गोळीचा रंग नाही, नाव लक्षात ठेवा

आमच्या मेडिकलमधून बीपीच्या गोळ्या नेणाऱ्या सर्वांसाठी

“ती पांढरी, बारीक गोळी द्या,” असं काउंटरवर रोज कुणीतरी म्हणतं. पांढऱ्या बारीक गोळ्या शेकडो आहेत. म्हणून चिठ्ठी, निदान रिकामी स्ट्रिप तरी सोबत आणा.

स्ट्रिपवर कंपनीने दिलेलं नाव वेगळं असतं आणि औषधाचं नाव वेगळं. एम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, लोसार्टन, मेटोप्रोलॉल यांपैकी तुमचं कोणतं आणि किती मिलिग्रॅमचं, हे घरात एकाला तरी पाठ हवं. टेल्मिसार्टन 40 चं येतं तसं 80 चंही येतं; एकाच गोळीत दोन औषधंही असतात.

खरा घोळ इथेच होतो. चोपड्याच्या डॉक्टरांची गोळी चालू असते, दिवाळीला मुलगा सुरतहून दुसरी आणतो. किंवा जळगावला अ‍ॅडमिट होऊन घरी येताना नवी चिठ्ठी मिळते. नाव वेगळं, रंग वेगळा, पण आतलं औषध तेच. दोन्ही घेतल्या की डोस दुप्पट. बीपी उतरतं, चक्कर येते आणि म्हातारं माणूस न्हाणीत पडतं. नवी गोळी सुरू झाली की जुनी चालू ठेवायची की बंद, हे डॉक्टरांना विचाराच. दोन्ही स्ट्रिप आमच्याकडे आणा, घटक जुळवून सांगू. त्याचे पैसे घेत नाही.

गोळी विसरली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहू द्या. दोन एकदम घेऊ नका. बरं वाटतंय म्हणून मनाने बंदही करू नका. मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन अचानक सोडलं तर बीपी उसळू शकतं.

केळीचे घड उचलून कंबर धरली की डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मागितलं जातं. या गोळ्यांनी बीपी वाढतं, किडनीवरही ताण येतो. सर्दीच्या काही गोळ्यांनीही बीपी वाढतं. काहीही मागताना आधी “मला बीपी आहे” एवढं सांगा.

उन्हाळ्यात भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो. पत्र्याच्या घरात, गाडीच्या डिकीत गोळ्या ठेवू नका. टेल्मिसार्टनला दमट हवा सोसत नाही, ती घेतेवेळीच स्ट्रिपमधून काढा. लघवी वाढवणारी गोळी चालू असताना उन्हात चक्कर येऊ लागली, तर बीपी मोजून लगेच डॉक्टरांना कळवा.