'एक्स्पोझे' आणि यादीचं कोडं

'व्हिडिओ नॅस्टी' यादीतला, म्हणजे ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये अश्लील म्हणून खटला भरण्याजोग्या ठरवलेल्या कॅसेटच्या यादीतला एकमेव ब्रिटिश सिनेमा, एवढ्याच ओळखीवर १९७६ चा 'एक्स्पोझे' आजवर तगून आहे. गोष्ट छोटीच. गावाबाहेर भाड्याच्या घरात दुसरी कादंबरी रखडलेला संशयी लेखक, टंकलेखनाला आलेली तरुणी, मग रक्तपात. अमेरिकी पैसा आटल्यावर ब्रिटिश भयपटांना किल्ले आणि घोडागाड्या परवडेनात; एक घर, मोजकी पात्रं, भरपूर अंगप्रदर्शन यावर भागवणं आलं. चित्रपटगृहात तो कापूनछाटून, फक्त प्रौढांसाठीच्या 'एक्स' प्रमाणपत्रावर लागला.

खरा घोळ व्हिडिओचा. घरी बघायच्या कॅसेटला १९८४ पर्यंत प्रमाणपत्राची सक्ती नव्हती. पण १९५९ चा अश्लीलताविरोधी कायदा कॅसेटलाही लागू होतो, असं १९८० मध्ये अपील न्यायालयानं ठरवलं आणि दुकानांवर छापे सुरू झाले. काय ठेवायचं, काय नाही, दुकानदारांना कळेना. म्हणून १९८३ मध्ये सरकारी अभियोक्त्यांची यादी जाहीर झाली. ती सतत बदलत गेली. एकूण ७२ नावं कधी ना कधी तिच्यात होती, शेवटपर्यंत उरली ३९. 'एक्स्पोझे' या ३९ मध्ये.

लोक सरसकट 'बंदी' म्हणतात, ते चूक. यादीनं कशावरच बंदी घातली नव्हती. खटला कशावर भरता येईल, एवढंच ती सांगत होती. १९५९ च्या कायद्याच्या कलम २ खाली ज्यूरीपुढे गुन्हा सिद्ध करावा लागे. कलम ३ खाली नुसती जप्ती: दंडाधिकाऱ्यापुढे काम, ज्यूरी नाही, कोणी दोषी ठरत नसे, माल मात्र जाई. या दुसऱ्या वाटेची वेगळी यादी होती. दोन्हींची सरमिसळ करून सांगितलेला इतिहास मला तरी पटत नाही.

'एकमेव ब्रिटिश' हेही जपूनच घ्यावं. मँचेस्टरच्या शवागाराचं नाव मिरवणारा, बराचसा इंग्लंडमध्येच चित्रित झालेला झोंबीपट त्याच ७२ मध्ये होता, पण भांडवल स्पॅनिश-इटालियन. म्हणजे राष्ट्रीयत्व पैशावरून ठरलं. आणि 'एक्स्पोझे'चा नायक? जर्मन नट, तोही दुसऱ्याच्या आवाजात डब केलेला.

१९८४ च्या कायद्यानं कॅसेटला प्रमाणपत्र सक्तीचं केलं. 'एक्स्पोझे' पुढे 'हाउस ऑन स्ट्रॉ हिल' या नावानं, पुन्हा कापूनच, व्हिडिओवर आला. १९८४ चा हा कायदा युरोपीय नियमांप्रमाणे युरोपीय आयोगाला कळवायचाच राहून गेला होता, हे २००९ मध्ये उघड झालं. तांत्रिकदृष्ट्या तो लागूच करता येत नव्हता; २०१० मध्ये जसाच्या तसा पुन्हा मंजूर करावा लागला.