ब्रिटनमध्ये जुनी शिडाची नौका घेऊन तीवर राहायचे असल्यास: नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

ब्रिटनमध्ये वापरलेली शिडाची नौका विकत घेताना विक्रेता अनेकदा ‘एसएसआर’ (स्मॉल शिप्स रजिस्टर) प्रमाणपत्र पुढे करतो आणि खरेदीदार त्यालाच मालकीचा कागद समजून निर्धास्त होतो. प्रत्यक्षात ती ब्रिटनच्या जहाज नोंदवहीच्या तिसऱ्या भागातील, म्हणजे लहान नौकांच्या यादीतील, केवळ एक नोंद असते. सातबाऱ्यावर नाव लागले म्हणजे मालकी शाबीत झाली असे नाही, हे जमिनीच्या व्यवहारात पोळलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. येथे तर बोजा दाखवणारा ‘इतर हक्क’ हा रकानाही नाही.

तिसऱ्या भागासाठी नौकेची लांबी 24 मीटरपेक्षा कमी असावी लागते आणि अर्जदार कंपनी नसून व्यक्ती असावी लागते. वर्षातील किमान 185 दिवस ब्रिटनमध्ये वास्तव्य असलेल्या ब्रिटिश नागरिकांप्रमाणेच राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांनाही हा मार्ग खुला असल्याने तेथे स्थिरावलेला भारतीय पारपत्रधारकही अर्ज करू शकतो. लांबी स्वतः मोजून ऑनलाइन अर्ज भरता येतो. सर्वेक्षण लागत नाही. नोंदणी 5 वर्षे चालते, परंतु नौका विकली जाताच संपते, म्हणून जुन्या मालकाचे प्रमाणपत्र नव्या मालकाच्या कामाचे नसते.

मालकीची खरी नोंद पहिल्या भागात होते. तेथे नौकेचे 64 हिस्से कल्पिलेले असून त्यांपैकी बहुमत, म्हणजे किमान 33 हिस्से, पात्र मालकांकडे असावे लागतात. मान्यताप्राप्त सर्वेक्षकाकडून टनभार (नौकेच्या आतील जागेचे माप) मोजून घ्यावा लागतो, मागील 5 वर्षांची मालकीची साखळी खरेदीखतांनी जोडून दाखवावी लागते आणि मिळालेला अधिकृत क्रमांक नौकेवर कायमचा कोरावा लागतो. खर्च व खटाटोप अधिक असला, तरी गहाणाची नोंद याच भागात होत असल्याने, नौका पहिल्या भागात असेल तर व्यवहारापूर्वी नोंदवहीचा उतारा मागवणे हा माझ्या मते न टाळण्याजोगा खर्च आहे. नौकेवरील काही देणी मालक बदलला तरी नौकेबरोबरच चालत येतात.

याखेरीज मूळ विक्रीवर व्हॅट भरल्याचा पुरावा मागावा. 16 जून 1998 नंतर बाजारात आलेल्या नौकेसाठी सीई या युरोपीय सुरक्षा मानकाचे घोषणापत्रही पाहावे. युरोपात जाणाऱ्याने लक्षात ठेवावे की ब्रिटनच्या रहिवाशाला आपली नौका तात्पुरत्या प्रवेशाच्या सवलतीखाली सामान्यतः 18 महिनेच व्हॅटशिवाय युरोपीय संघात ठेवता येते. ब्रिटनच्या सागरी हद्दीत खासगी नौकेची नोंदणी वा चालकाचा परवाना सक्तीचा नाही. परदेशी बंदरात मात्र नोंदणीचे मूळ प्रमाणपत्र आणि बहुधा चालकाचे आयसीसी, म्हणजे नौका चालवण्याच्या क्षमतेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, मागितले जाते. नौकेवरील व्हीएचएफ (संपर्काच्या) रेडिओसाठी ‘ऑफकॉम’ या दूरसंचार नियामकाचा परवाना ऑनलाइन विनाशुल्क मिळतो, पण रेडिओ वापरणाऱ्याकडे स्वतंत्र प्रमाणपत्र असावे लागते.

राहण्याचा प्रश्न याहून किचकट आहे, कारण नौका तुमची असली तरी ती बांधण्याची जागा तुमची नसते. बहुतेक मरीनांचे (खासगी नौका बांधण्याच्या बंदरांचे) करार विरंगुळ्याच्या वापरासाठीच असतात, म्हणून ‘निवासी’ हा शब्द करारात लेखी आहे का, हे सही करण्यापूर्वी तपासावे. निवासी जागेवर स्थानिक परिषदेचा करही लागू शकतो. डोलकाठी उतरवून कालव्यांत शिरायचे असल्यास कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ या संस्थेचा परवाना लागतो आणि त्यासाठी विमा तसेच 4 वर्षे चालणारे बोट सेफ्टी प्रमाणपत्र जोडावे लागते. कायमची जागा नसलेल्या नौकेला 1995 च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा अधिक काळ, वाजवी कारणाशिवाय, थांबता येत नाही.

कायमचा पत्ता नसला तरी मताधिकार असलेल्या व्यक्तीला ‘स्थानिक संबंधाचे घोषणापत्र’ भरून मतदार यादीत नाव घालता येते. बँका व विमा कंपन्या मात्र पत्ता मागतातच, तेव्हा टपाल स्वीकारणाऱ्या नातेवाइकाची संमती अर्ज भरण्याआधीच घेऊन ठेवावी.