करंगळीखालच्या हाडाचा कोन

1895 च्या डिसेंबरात जर्मनीत निघालेला जगप्रसिद्ध क्ष-किरण फोटो हाताचाच होता, अंगठीसकट. तेव्हा हाड दिसलं हेच अप्रूप. ते किती अंश वाकलंय यावरून ऑपरेशन ठरवणं फार पुढचं.

आपल्या इंदुरी मराठी घरांत 'हात मोडला' म्हणजे खांद्यापासून नखापर्यंत काहीही. इथं विषय पंजाचा, त्यातही करंगळीखालच्या मेटाकार्पल हाडाच्या (मनगट आणि बोट यांच्यामधलं तळहातातलं हाड) मानेचा, म्हणजे बोटाच्या बाजूला गाठीच्या जरा खालच्या निमुळत्या भागाचा. रागाच्या भरात मूठ भिंतीवर आपटली की बहुतेकदा तीच मोडते. नाव 'बॉक्सर फ्रॅक्चर', पण तयारीचा बॉक्सर करंगळीच्या बाजूनं ठोसा मारतच नाही!

घोळ आहे तो कोनाचा, म्हणजे मोडलेलं हाड किती वाकलंय त्याचा. तर्जनी आणि मधल्या बोटाची मेटाकार्पल हाडं मनगटाशी जवळपास जखडलेली असतात. तिथं 10-15 अंशांपलीकडचा वाक सहसा चालवून घेत नाहीत. करंगळीचं हाड बुडाशी हलतं, त्यामुळे बराच वाक पचतो. पण बराच म्हणजे किती? कुणी डॉक्टर 30 अंशांवर ऑपरेशन करून हाड धरून ठेवणारी तार घालतो, कुणी 40-50 पर्यंत थांबतो, कुणी 70 ला सुद्धा शेजारच्या बोटाशी पट्टी बांधून घरी पाठवतो. कोन मोजायची रेघ हाडाच्या पोकळीतून ओढली की मागच्या कडेवरून, यावर आकडा बदलतो. अगदी बाजूनं काढलेल्या फिल्मवर हाडं एकावर एक चढतात, म्हणून तिरकी फिल्म बघतात, तर ती वाक फुगवून दाखवते. शिवाय ही मान मुळातच साधारण 15 अंश झुकलेली असते. ते वजा केलेत का, हे रिपोर्टात शोधून सापडत नाही.

पूर्वी उजेडाच्या डब्यावर फिल्म लावून कोनमापक धरायचे, तेव्हा मोजणाऱ्यालाही 'अंदाजे' म्हणायची सवय होती. कॉम्प्युटर आला आणि कोन दशांशात छापून यायला लागला. आकड्याचा रुबाब वाढला, फिल्म तिरकीच राहिली. आधी पहिलवानाकडे मालिश, मग फिल्म, मग तिचा फोटो व्हॉट्सॲपवर, असा प्रवास करून आलेला पेशंट पहिला प्रश्न विचारतो तो अंशांचाच.

बोट पिळलं गेलंय का, हे मात्र साध्या फिल्मवर धड कळत नाही. मूठ वळायला सांगायची: बोटं अंगठ्याच्या बुडाकडे कललेली हवीत, एकमेकांवर चढलेली नकोत. करंगळी अनामिकेवर चढत असेल, तर कोन 20 अंशांचा असला तरी ऑपरेशनची गोष्ट निघते.