तुमचा गेम कोण बनवतं?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अंदाजपत्रक हातात पडलं की बरेच ग्राहक पहिल्याच पानावर अडतात. "मोबाइलवरचा दहा मिनिटांचा गेम, त्याला इतकी माणसं कशाला?" प्रश्न रास्त आहे. फोनवर त्याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक. आमचा पुण्यातला लहान स्टुडिओ आहे. शाळा, संग्रहालयं, प्रकाशक आणि अधूनमधून एखादी मसाल्याची कंपनी यांच्यासाठी आम्ही गेम करतो. आमच्या बिलात यंत्रं आणि सॉफ्टवेअर यांचा वाटा लहान असतो, बाकी सगळे माणसांचे महिने असतात. ती माणसं कोण, त्यांच्याशी तुमची गाठ कधी पडते आणि तुमची सूचना कुठल्या टप्प्यावर फुकटात बसते नि कुठे महाग पडते, एवढं इथे सांगतो.

एकट्यानं होत नाही का?

होतं. तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये जपानच्या ताइतो कंपनीसाठी 'स्पेस इन्व्हेडर्स' केला, तेव्हा नियम, चित्रं, प्रोग्रॅम आणि ज्या यंत्रावर तो चालायचा त्याची जुळणी, सगळं त्यांनीच केलं. 'टेट्रिस' १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव यांनी लिहिला. पण तो आयबीएमच्या संगणकावर आणायला त्यांनाही मदत लागली, आणि त्या मदतनीसांतला एक, वादिम गेरासिमोव, तेव्हा सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. अलीकडचं उदाहरण ग्राहक स्वतःच देतात: २०१६ चा 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बरोन यांनी त्याचं चित्र, संगीत, कथा, कोड सगळं एकट्यानं केलं, हे खरं आहे. त्याला त्यांना साडेचार वर्षांच्या आसपास लागली, हेही खरं आहे. तुम्हाला गेम दिवाळीच्या आधी हवा असतो.

डिझायनर आणि राखाडी ठोकळे

आमच्याकडचा गेम डिझायनर चित्रं काढत नाही. तो नियम ठरवतो. खेळणाऱ्याला काय करता येईल, चुकलं तर काय होईल, पुढची पातळी किती अवघड असेल, हे सगळं त्याच्या वहीत आणि एका भल्यामोठ्या एक्सेल शीटमध्ये असतं. कामाच्या सुरुवातीला तो आणि प्रोग्रॅमर मिळून तुम्हाला एक बिल्ड, म्हणजे गेमची खेळता येणारी कच्ची आवृत्ती, दाखवतात, ज्यात तुमचा किल्ला म्हणजे राखाडी ठोकळ्यांची रास असते आणि नायक म्हणजे एक गोळी. ग्राहकांचे चेहरे इथे पडतात. "हे असंच दिसणार?" नाही. पण तुमच्या सूचना सर्वांत स्वस्त पडतात त्या याच टप्प्यावर. शत्रू नको, कोडं हवं. वेळेची मर्यादा काढा. आजीलाही खेळता यावा: असं काहीही आत्ता सांगा, ठोकळा सरकवायला दुपार पुरते. त्यामुळे या बिल्डच्या वेळी तुमच्याकडून निर्णय घेणाऱ्या माणसानंच यावं, ही आमची विनंती आहे. साहेबांनी पाच महिन्यांनी पहिल्यांदा गेम पाहिला की काय होतं, ते आम्ही अनेकदा पाहिलं आहे.

(पैसे लावून खेळायचे गेम आम्ही करत नाही, त्यामुळे त्याबद्दल विचारू नये. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं तो धंदा बंदच केला आहे, पण आम्ही आधीही करत नव्हतो.)

प्रोग्रॅमरचं न दिसणारं काम

नियम कागदावरून यंत्रात उतरवणं हे प्रोग्रॅमरचं काम, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचा बराच वेळ जातो तो गेम हाताला बरा वाटावा यासाठी. २०१८ चा 'सेलेस्ट' हा उड्या मारण्याचा गेम बघा. त्यात कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणभर उडी मारायची मुभा असते. सेकंदाला साठ चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये सहा चित्रांची सवलत दिली, तर ती सेकंदाचा दहावा भाग होते. खेळणाऱ्याला ती कळतही नाही, ती नसली की मात्र तो म्हणतो, "मी बटण दाबलं होतं!" अशा सवलती अंदाजपत्रकात 'नियंत्रणांची जुळवणी' या एका ओळीत येतात आणि त्या ओळीवर घासाघीस फार होते.

कधी यंत्राची मर्यादाच कामाला येते. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू मरत गेले की प्रोसेसरला काढायची चित्रं कमी व्हायची, म्हणून उरलेले शत्रू आपोआप जोरात पळायचे. निशिकादो यांनी ते तसंच ठेवलं, आणि खेळाची सगळी धास्ती त्यातूनच आली. असं काही हाती लागायला प्रोग्रॅमर आणि डिझायनर एका टेबलावर बसावे लागतात. आमच्याकडे ते बसतात.

चित्रकार, रिगर, ॲनिमेटर

ग्राहकांच्या लेखी हे एकच खातं आहे. प्रत्यक्षात एक जण पात्र काढतो, दुसरा त्याच्या आत हाडांचा सांगाडा बसवतो, याला रिगिंग म्हणतात, आणि तिसरा त्याला चालवतो, पळवतो, पाडतो. त्यामुळे शेवटच्या महिन्यात "फेट्याचा रंग भगवा करा" म्हणालात तर पाच मिनिटांचं काम. "पायजम्याऐवजी धोतर नेसवा" म्हणालात तर धोतराचा सोगा प्रत्येक पावलाला हलला पाहिजे, उडी मारताना फुगला पाहिजे, बसताना जमिनीत घुसता कामा नये. म्हणजे सांगाडा नव्यानं आणि सगळी ॲनिमेशनं पुन्हा. दोन्ही सूचना तुमच्या बाजूनं सारख्याच लहान वाटतात, यात तुमचा दोष नाही.

चित्रं एआयकडून काढून घेतली तर स्वस्त पडेल का, असं आता प्रत्येक बैठकीत विचारलं जातं. तुमचा गेम स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात जाणार असेल, तर तिथे जानेवारी २०२४ पासून एआयनं केलेल्या अशा गोष्टींची माहिती द्यावी लागते, हे आधी लक्षात घ्या. आमचं स्वतःचं मत असं की विशिष्ट गावचा वाडा, विशिष्ट घाटाची पगडी हवी असेल, तर ती पाहून काढणारा माणूसच लागतो. संग्रहालयाच्या कामात तर चुकीची पगडी म्हणजे तक्रार आलीच.

संगीत, आणि कागदपत्रं

गाणं तीन मिनिटांत संपतं. गेममध्ये खेळणारा एकाच दारापाशी वीस मिनिटं अडू शकतो. म्हणून संगीतकार थरांत काम करतो: शांत असताना एकच वाद्य, धोका जवळ आला की त्यावर ताल. ढोल-ताशासाठी आम्ही पथकाकडे जाऊन ध्वनिमुद्रण करतो. विकतच्या आवाजसंग्रहातला ढोल पुणेकर ग्राहक पहिल्या ठोक्याला ओळखतो.

संगीतकार आमच्या पगारावर नसतो, बाहेरचा असतो. इथे कायद्याचा एक मुद्दा नीट वाचा, कारण तो तुमच्या पैशांचा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. बाहेरच्या माणसाच्या कामाचा हक्क लेखी हस्तांतरित करून घ्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. म्हणजे कागद ढिसाळ असला तर सहाव्या वर्षी तुमच्याच गेममधलं संगीत तुमचं राहत नाही, आणि दुबईतल्या मराठी मंडळाला तो गेम देताना पहिल्या दिवसापासून अडचण. आम्ही मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहून घेतो व करारासोबत त्याची प्रत तुम्हाला देतो. दुसऱ्या कुणाकडून काम करून घेत असाल तरी ही प्रत मागा.

मराठी बघणारा माणूस

अंदाजपत्रकात 'मजकूर व भाषातपासणी' असं एक पद दिसेल. हे काम करणारे आमचे सहकारी आधी मुद्रितशोधक होते. त्यांच्याशिवाय आम्ही मराठी गेम बाहेर सोडत नाही.

कारण असं. गेम ज्या सॉफ्टवेअरवर बांधतात त्याला इंजिन म्हणतात; युनिटी या बऱ्याच स्टुडिओंच्या आवडत्या इंजिनातली नेहमीची मजकूरपद्धत देवनागरीची जोडणी स्वतःहून करत नाही. 'किल्ला' लिहिला की पहिली वेलांटी 'क'च्या मागून येते आणि जोडाक्षर फुटून मधे पाय मोडलेला 'ल' उभा राहतो. इंग्रजीत सगळं ठीक दिसतं, म्हणून मराठी न वाचणाऱ्या चमूला हे कळतच नाही. त्यावर वेगळी जोडणी करावी लागते. गोडो या मोफत इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे २०२३ पासून, ही सोय मुळातच आहे, आणि निव्वळ मजकूरप्रधान गेमसाठी आम्ही ते सुचवतो.

तेवढ्यानं भागत नाही. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हवा की हिंदी वळणाचा, हे फाँटवर ठरतं. सह्याद्रीतल्या 'दऱ्या' आणि समुद्र या अर्थाचा 'दर्या' यांतला फरक साध्या फाँटमध्ये बिघडला, तर भूगोलाच्या गेममध्ये डोंगर बुडतो. शिवाय आपल्या अक्षरांना वर मात्रा नि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीच्या मापानं काढलेल्या बटणात ती वरून किंवा खालून कापली जातात. बटणांची मापं चित्रकारानं ठरवण्याआधी हे सहकारी बैठकीत असतात. तुमचा मजकूर शेवटच्या आठवड्यात पाठवू नका, एवढंच त्यांचं मागणं आहे.

टेस्टर

टेस्टर दिवसभर गेम खेळतो असं समजून आमच्याकडे नोकरीसाठी अर्ज येतात. तो खरं तर एकच पातळी पुन्हा पुन्हा खेळतो: मधेच फोन आला तर, बॅटरी संपली तर, नेट गेलं तर, दोन बोटं एकदम टेकली तर. बग, म्हणजे गेममधली चूक, सापडला की तो कोणत्या पायऱ्यांनी पुन्हा घडवून आणता येतो, ते लिहितो. तुम्हीही बग कळवताना फोनचं मॉडेल आणि शेवटी काय केलं होतं एवढं लिहिलंत, तर त्याचा अर्धा दिवस वाचतो. "चालत नाही" या निरोपावर काही करता येत नाही.

गेम गूगल प्लेवर जाणार असेल तर खातं तुमच्या संस्थेच्या नावानं काढा. नोंदणी एकदाच, २५ डॉलर. ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर. एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावानं नवं वैयक्तिक खातं काढलंत, तर गूगलच्या नियमानुसार आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आणि तो कर्मचारी नोकरी सोडून गेला की गेमही त्याच्याबरोबर जातो.

प्रोड्यूसर, आणि घाई

तुमचा संपर्क एकाच व्यक्तीशी: प्रोड्यूसर. वेळापत्रक, बदल, पैसे, रुसवे, सगळं तिच्याकडे. कृपया रविवारी रात्री ॲनिमेटरला परस्पर व्हॉट्सॲप करू नका. तो नाही म्हणत नाही, काम करून टाकतो, आणि मंगळवारी दुसरंच काहीतरी मोडलेलं सापडतं.

सणाच्या मुहूर्तासाठी घाई करणाऱ्यांना आम्ही 'ई.टी.'ची गोष्ट सांगतो. १९८२ मध्ये अटारी या अमेरिकी गेम कंपनीनं हा गेम नाताळात विकायला हवा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रॅमरला पाच आठवडे दिले. माणूस कसलेला होता, त्याचा आधीचा 'यार्स रिव्हेंज' उत्तम चालला होता. गेम वेळेत झाला. न खपलेल्या कॅसेटी पुढच्या वर्षी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरल्या गेल्या, आणि २०१४ मध्ये त्या उकरून काढल्या तेव्हा कॅमेरे हजर होते. दिवाळीसाठी गेम हवा असेल तर आमच्याकडे मार्चपर्यंत या.

श्रेयनामावली

काही ग्राहक गेमच्या शेवटची नावं काढून टाकायला सांगतात. ते आम्ही करत नाही. अटारी त्या काळात प्रोग्रॅमरची नावं छापत नसे. त्यावर वॉरन रॉबिनेट यांनी 'ॲडव्हेंचर' या गेममध्ये एक गुप्त खोली करून तिथे आपलं नाव लपवलं. चार प्रोग्रॅमर १९७९ मध्ये अटारी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली, जिथे प्रोग्रॅमरचं नाव गेमबरोबर छापलं जाऊ लागलं. आपल्याकडे तर हक्क विकल्यानंतरही आपण कर्ते आहोत हे सांगण्याचा लेखकाचा अधिकार कायद्यानं शाबूत ठेवला आहे. त्यामुळे बाहेरचा संगीतकार, मधेच नोकरी सोडून गेलेली चित्रकार, ढोलपथक, सगळ्यांची नावं राहतात. तुमच्या संस्थेचं बोधचिन्ह सुरुवातीला हवं तेवढं मोठं घ्या.

गेम बाहेर पडल्यावर

अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांशी जुळवून घ्या, असं गूगल प्ले दरवर्षी सांगतं. दुर्लक्ष केलं तर नव्या फोनवर गेम दिसेनासा होतो. म्हणून देखभालीचा करार वेगळा असतो. त्यात एक प्रोग्रॅमर आणि एक टेस्टर यांचे ठरावीक दिवस धरलेले असतात. तो पहिल्या वर्षी मूळ किमतीतच आहे. दुसऱ्या वर्षापासून घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा. घ्यायचा नसेल तर सगळा कोड, चित्रांच्या मूळ फाइली आणि हक्कांची कागदपत्रं एका डिस्कवर घालून आम्ही तुमच्या ताब्यात देतो.