अजिनोमोटो खावं की नाही? आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

चायनीज मसाल्याचं पाकीट हातात घेतलं की निम्मे ग्राहक ते उलटं करून विचारतात, "भाऊ, अजिनोमोटो नाही ना जी यात?" त्यांच्या मागे उभा असलेला ठेलेवाला मात्र त्याच अजिनोमोटोचं किलोचं पाकीट मागत असतो. सणावाराच्या गर्दीत नागपुरातल्या इतवारीच्या किराणा ओळीतल्या आमच्या काउंटरवर हे सगळं समजावून सांगणं होत नाही. म्हणून हा कागद आता मालाच्या पिशवीत घालून देतो आहोत. घरी निवांत वाचा.

आधी सरळ उत्तर. स्वयंपाकात घालतात तेवढ्या प्रमाणात अजिनोमोटो निरोगी मोठ्या माणसाला अपाय करतं, असा पुरावा नाही. पाकिटावर याचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट, एमएसजी किंवा नुसता आकडा 621 असं लिहिलेलं असतं. यातलं ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत, मशरूममध्ये, चीजमध्ये आणि आईच्या दुधातही असतं. ते टोमॅटोतून आलं की पाकिटातून, हे शरीराला वेगळं कळत नाही.

1908 मध्ये टोकियोतल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सारातून ते वेगळं काढलं आणि 1909 पासून त्याची विक्री सुरू झाली. "हाडांपासून करतात म्हणे" असं विचारणारे बरेच असतात. तसं नाही. उसाची मळी किंवा टॅपिओकाचा स्टार्च जिवाणूंच्या मदतीने आंबवून ते तयार होतं. शाकाहारी आणि जैन ग्राहकांनी लक्ष 631 या आकड्यावर ठेवावं. तो वेगळा चववर्धक आहे आणि मासे-मांसापासूनही बनवता येतो. तो आकडा दिसला की हिरवा ठिपका आहे का ते बघून घ्या.

मग एवढी भीती आली कुठून? 1968 मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेला बधिरपणा येतो, छातीत धडधडतं, कारण काय असावं, असं त्यांनी विचारलं होतं. सोया सॉस, वाइन, जास्तीचं मीठ अशा शक्यता त्यांनी मांडल्या होत्या, पण बोट राहिलं ते अजिनोमोटोवरच. पुढच्याच वर्षी नवजात उंदरांच्या मेंदूला इजा झाल्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात मोठे डोस कातडीखाली टोचले होते, म्हणजे जेवणातून पोटात जाण्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. नंतर 2000 साली, आपल्याला याचा त्रास होतो असं स्वतः सांगणाऱ्या 130 लोकांची चाचणी झाली. उपाशीपोटी एकदम 5 ग्रॅम दिल्यावर काहींना लक्षणं जाणवली, पण चाचणी पुन्हा घेतली तेव्हा ती सातत्याने दिसली नाहीत.

आपल्याकडे 2015 चं मॅगी प्रकरण अजून लोकांच्या डोक्यात आहे. त्यात आक्षेप होता शिशाच्या प्रमाणाचा आणि पाकिटावरच्या 'एमएसजी घातलेलं नाही' या मजकुराचा. अजिनोमोटो विषारी आहे का, हा मुद्दाच नव्हता. तेव्हा मॅगीवर घातलेली बंदीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. टोमॅटो पावडर असलेल्या आमच्या कुठल्याही मसाल्यावर आम्ही 'एमएसजी नाही' असं छापत नाही ते याचमुळे. वेगळं घातलं असेल तर 'घातलेलं आहे' एवढंच छापतो.

आता ती चूक, जिच्यामुळे आमचाही वेळ जातो आणि तुमचाही.

आमच्या मंचुरियन आणि शेजवान मसाल्यात मीठ आणि अजिनोमोटो दोन्ही आधीच घातलेले आहेत. मागच्या बाजूला तसं छापलंय, पण मागची बाजू वाचतो कोण! घरी होतं असं. कढई तापली, आलं-लसूण पडलं, कोबी-गाजर परतलं. मग हाताच्या सवयीने चमचाभर मीठ. मग सोया सॉस, जो मुळात मिठाचाच. मग आमचा मसाला. आणि शेवटी "ठेल्यासारखी चव आली पाहिजे" म्हणून वरून आणखी अजिनोमोटो, तेही बरणीतून अंदाजाने. अशा मंचुरियनला आधी खारटपणा लागतो आणि मागून एक मचूळ चव जिभेवर चिकटून राहते. रात्री दोनदा पाण्याला उठावं लागतं, डोकं जड होतं आणि सकाळी आम्हाला फोन येतो, "तुमच्या मसाल्यात काहीतरी गडबड आहे, पाकीट परत घ्या."

पाकिटात गडबड नसते. एकाच कढईत मीठ तीनदा आणि अजिनोमोटो दोनदा पडलेलं असतं. अजिनोमोटोचा स्वभावच असा आहे की ठरावीक प्रमाणापर्यंत चव चढते आणि त्यापुढे टाकाल तेवढी उतरत जाते. रात्रीच्या तहानेचा आणि जडपणाचा दोष लोक त्यालाच देतात, पण आमच्या मते तिथे जास्त वाटा मिठाचा असतो. मिठात सोडियम साधारण 39 टक्के, अजिनोमोटोत 12 टक्के. मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि अशी एक प्लेट त्यातला बराच हिशेब एका बैठकीत संपवते.

म्हणून क्रम बदला. तयार मसाला वापरत असाल तर आधी सोया सॉस घाला, मग मसाला, मग चव बघा आणि मगच मीठ. बहुतेक वेळा ते लागतच नाही. वरून अजिनोमोटो अजिबात नको. नुसतं अजिनोमोटो वापरायचं असेल तर अर्धा किलो भाजी किंवा चिकनला सपाट अर्धा लहान चमचा, म्हणजे साधारण 2 ग्रॅम पुरे, आणि मीठ नेहमीपेक्षा पाव भाग कमी. चौघांत वाटलं तर माणशी अर्धा ग्रॅम होतं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने 1987 मध्ये याला आकड्यातली मर्यादा घालायची गरज नाही असं ठरवलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र 2017 मध्ये वजनाच्या दर किलोमागे 30 मिलिग्रॅम अशी रोजची मर्यादा सुचवली. 60 किलोच्या माणसाला ती 1.8 ग्रॅम पडते. आम्ही ग्राहकांना ही कडक मर्यादाच सांगतो. जपून वापरलं तर तिच्या आत आरामात राहता येतं.

काहींना मात्र आम्ही स्वतःहून "नका घेऊ" म्हणतो. वर्षाच्या आतल्या बाळाच्या खाण्यात हे घालायचं नाही. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण मिठाचा हिशेब त्यांनीच आखून दिलेला असतो. आणि खाल्ल्यावर दर वेळी डोकं दुखतं असा ज्यांचा अनुभव आहे त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही. नका खाऊ, जेवणाचं काही अडत नाही.

आमच्या सावजी मसाल्यात अजिनोमोटो नाही, हे त्याच ओघात सांगतो. ते घातक आहे म्हणून नव्हे. काळी मिरी, दगडफूल, खसखस आणि नीट भाजलेलं खोबरं असेल तर रश्शाला बाहेरून चव आणावी लागत नाही. जो मसाला ते घातल्याशिवाय उठतच नाही, त्यातल्या खड्या मसाल्याकडे एकदा बघून घ्यावं, असं आमचं मत.

"सुट्टं द्या, स्वस्त पडतं" असा आग्रह असतो. सुट्टं आम्ही देत नाही. लिंबूसत आणि अजिनोमोटो दोन्ही पांढरे, चमकदार खडे. बिननावाच्या दोन पुड्या घरच्या डब्यात शेजारी पडल्या की कुठली कुठली ते दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही, आणि मग सूप आंबट झाल्याची तक्रार आमच्याकडेच येते. घरात अशी पुडी आधीच असेल तर उजेडात धरून बघा. अजिनोमोटोचे खडे लांबट, सुईसारखे असतात, लिंबूसताचे दाणेदार. तरीही शंका राहिली तर फेकून द्या.

फोडलेलं पाकीट आम्ही परत घेत नाही. लोकांना हे कठोर वाटतं, पण उघडलेला खाण्याचा माल पुन्हा दुसऱ्याला विकता येत नाही, आणि विकूही नये. पहिल्यांदाच घेत असाल तर 50 ग्रॅमचं लहान पाकीट न्या, एक मंचुरियन करून बघा. जमलं तर मोठं न्या. केटरिंगवाल्यांनी किती माणसांचं जेवण आहे आणि कोणता सोया सॉस वापरता तेवढं काउंटरवर सांगावं, मसाला आणि मीठ किती लागेल ते आम्ही चिठ्ठीवर लिहून देतो. त्याचे पैसे लागत नाहीत. लग्नसराईत मात्र दुपारी बारानंतर या, सकाळी ठोकवाल्यांच्या गाड्या भरत असतात.